एका आज्ञेचा इतिहास : श्रोणितलाचे स्नायू आणि ते आवळावयास सांगणारी भाषा

खोकताना, शिंकताना, मोठ्याने हसताना किंवा पाण्याची कळशी उचलताना नकळत थोडी लघवी सुटणे, ही बाळंतपणातून गेलेल्या व वय होत चाललेल्या असंख्य स्त्रियांची नित्याची व्यथा आहे. शस्त्रक्रियेवाचून, औषधावाचून, घरच्या घरी काही स्नायूंच्या व्यायामाने या व्यथेवर बराच ताबा मिळविता येतो, ही गोष्ट आज वैद्यकात मान्य झालेली आहे. या व्यायामाचा इतिहास वैद्यकाच्या अभ्यासकांनी लिहिलेला आहे. भाषेच्या अभ्यासास वाहिलेल्या पत्रिकेने त्याला जागा का द्यावी, असा प्रश्न वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, हा सारा उपाय एका आज्ञार्थी वाक्यावर उभा आहे. डोळ्यांना न दिसणारा, सहसा हाताला न लागणारा आणि नित्याच्या बोलीत नाव नसलेला एक स्नायू 'आवळा' असे एकाने म्हणावयाचे, आणि ऐकणारीने नेमका तोच ओळखून आवळावयाचा. ही आज्ञा कोणी, केव्हा व कोणत्या शब्दांत दिली, आणि ऐकणाऱ्यांना ती कितपत कळली, एवढाच शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

प्रथम स्नायूंविषयी. पुढील बाजूस जघनास्थी आणि मागे माकडहाड यांच्या दरम्यान स्नायूंचा एक पट झोळीसारखा ताणलेला असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या तिन्हींचा भार त्याच्यावर असतो आणि तिन्हींचे मार्ग त्यातूनच खाली उतरतात. चतुष्पाद प्राण्यांत या स्नायूंपैकी काहींचे काम शेपूट हलविण्याचे असते. माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि शेपटीच्या स्नायूंवर पोटातील इंद्रियांचा भार आला. खोकला आला की पोटातील दाब एकाएकी वाढतो व मूत्राशयावर पडतो. झोळी घट्ट असेल तर त्याच क्षणी ती वर उचलली जाऊन मूत्रमार्ग दाबून धरते. ती सैल पडली असेल तर थेंब सुटतात. प्रसूतीच्या वेळी हे स्नायू पराकाष्ठेचे ताणले जातात, हे सैलपणाचे सर्वांत परिचित कारण. वाढते वय, स्थूलता, जुनाट खोकला, नेहमीचा मलावरोध ही आणखी काही. याहून वेगळा एक प्रकार आहे. त्यात एकाएकी अनावर घाई होते व शौचकूपापर्यंत पोहोचण्यापूर्वीच लघवी होते. त्याचे मूळ मूत्राशयाच्या अवेळी होणाऱ्या आकुंचनात असते. व्यायामाचा त्यातही काही उपयोग होतो. परंतु प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय पहिला प्रकार आहे.

या भागाला युरोपीय शारीरशास्त्राने दिलेली नावे पाहण्यासारखी आहेत. 'पेल्व्हिस' या लॅटिन शब्दाचा अर्थ परात किंवा घंगाळ. माकडहाडाचे नाव ग्रीक भाषेतील कोकिळवर्गीय पक्ष्याच्या नावावरून आले, कारण त्या हाडाचा आकार त्याच्या चोचीसारखा दिसला. झोळीतील प्रमुख स्नायूस 'लेव्हेटर एनाय' म्हणतात, म्हणजे 'गुद वर उचलणारा'. येथवर सर्व नावे आकारावरून किंवा कार्यावरून पडलेली आहेत. पण या स्नायूंच्या परिसरात संवेदना पोहोचविणाऱ्या मज्जातंतूचे नाव 'प्युडेंडल', आणि त्याचा धातू आहे लाज वाटणे. सबंध शरीरात ज्या तंतूचे नाव त्याच्या जागेवरून किंवा कामावरून न पडता पाहणाऱ्याच्या मनातील भावनेवरून पडले, असा हा बहुधा एकमेव. शारीरसंज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सूचीच्या २०१९ च्या आवृत्तीतून स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियासाठी याच धातूपासून बनविलेली जुनी संज्ञा वगळण्यात आली. मज्जातंतूची लाज मात्र तशीच राहिली.

व्यथेच्या नावाचीही हीच कथा. 'इन्कॉन्टिनेन्स' हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा मूळ अर्थ नैतिक होता : स्वतःला आवरता न येणे, वासनेवर ताबा नसणे. वैद्यकाने तो पुढे मूत्राला लावला. आपल्याकडे परिभाषा घडविणाऱ्यांनी त्याचे 'मूत्र-असंयम' असे भाषांतर केले. भाषांतर म्हणून ते चोख आहे, आणि नेमके म्हणूनच ते घातक आहे. चार मुलांना जन्म दिल्यावर जिचे स्नायू सैल झाले त्या स्त्रीला 'असंयमी' ठरविण्याचा अधिकार कोशकारांस कोणी दिला, असे विचारावेसे वाटते. खोकल्या-शिंकण्याने होणाऱ्या प्रकारास इंग्रजीत 'स्ट्रेस इन्कॉन्टिनेन्स' म्हणतात. ही संज्ञा १९२८ मध्ये लंडनचे प्रसूतितज्ज्ञ सर अर्डली हॉलंड यांनी रूढ केली असे मानले जाते. तेथील 'स्ट्रेस' म्हणजे पोटातून येणारा दाब. मराठी पत्रकांत त्याचा 'ताण' झाला, आणि ताण म्हटल्यावर आजचा वाचक मनावरच्या ताणाचाच विचार करतो. एका शब्दाने शिक्षा सुनावली, दुसऱ्याने रोग मनात नेऊन ठेवला. बायका आपसांत बोलताना यांपैकी एकही संज्ञा वापरीत नाहीत. त्या 'धीर धरवत नाही', 'शिंकले की होते' असे म्हणतात. या वाक्यांत कर्ता नाही, कर्मही नाही. जे होते ते काय, हे ऐकणारीने ओळखावयाचे असते.

आता आपल्याकडील जुन्या वाङ्मयाकडे वळू. आयुर्वेदाची या बाबतीतील भूमिका सर्वज्ञात आहे. चरकाच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाचे नावच 'नवेगान्धारणीय' असे असून, मूत्रादी वेग अडवून धरू नयेत, हा त्याचा विषय आहे. फार वेळ धरून ठेवल्यावर नंतर कुंथूनही धार न लागता मूत्र हळूहळू गळत राहते, त्या विकाराला सुश्रुताने 'मूत्रातीत' म्हटले आहे. 'धरणे' हा दोष, ही धारणा या ग्रंथांतून घरोघर झिरपली आणि 'लघवी धरू नये बाई' या आजीच्या वाक्यात ती आजही जिवंत आहे. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

हठयोगाने मात्र याच भागातील स्नायू जाणीवपूर्वक आवळावयास सांगितले. पंधराव्या शतकातील 'हठप्रदीपिके'त मूलबंधाचे वर्णन आहे : टाचेने शिवण दाबावी, गुद आकुंचित करावे आणि अपान वर ओढावा. सतराव्या-अठराव्या शतकांच्या सुमारास रचलेल्या 'घेरंडसंहिते'त गुदद्वार पुन्हा पुन्हा आवळावे व सोडावे अशी 'अश्विनी मुद्रा' सांगितली आहे. घोडीच्या क्रियेवरून दिलेले हे नाव, निव्वळ सूचना म्हणून पाहिले तर, फार समर्पक आहे. ज्याने ते जनावर पाहिले आहे त्याला अधिक सांगावे लागत नाही. परंतु या बाबतीत सर्वांत काटेकोर सूचना मराठीत आहे, आणि ती या दोहोंपैकी कोणत्याही ग्रंथाहून जुनी आहे. शके १२१२ (इ. स. १२९०) मधील ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मूळबंधाची जागा अंगुळांनी मोजून दिली आहे. गुद आणि लिंग यांमधील चार अंगुळांपैकी दोन्ही बाजूंची दीड दीड अंगुळे सोडून द्यावीत, मध्ये जे एक अंगूळ उरते तेथे टाचेच्या वरच्या भागाने दाब द्यावा, असा त्याचा आशय आहे. ज्ञानेश्वरांनी या विषयात भाषेची लाज बाळगली नाही. 'त्या जागी' म्हणून त्यांनी वेळ मारून नेली नाही. जागेचे नाव सांगितले, माप दिले आणि स्पर्शाची खूण दिली. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी मराठी गद्य-पद्याला जे साधले ते आजच्या आरोग्यपत्रकांना साधू नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. पाश्चात्त्यांनी विसाव्या शतकात शोधले ते आपल्याकडे आधीच होते, असे विधान हल्ली सहज केले जाते. या ग्रंथांतील शरीर पुरुषाचे आहे. ज्ञानेश्वरीतील मापच पाहावे. साधनेचा हेतू प्राण व अपान यांचा संयोग हा आहे. मूलबंधाने मूत्रपुरीष कमी होते व वृद्धही तरुण होतो, असे 'हठप्रदीपिका' फलश्रुतीत म्हणते खरे. पण बाळंतपणानंतर लघवी सुटणारी स्त्री या ग्रंथकारांच्या डोळ्यांपुढे नव्हती. स्नायू तेच, पण आज्ञा ऐकणारा निराळा होता.

महाराष्ट्रातील आणखी एक घटना या संदर्भात नोंदविण्याजोगी आहे. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली व त्याच वर्षी 'योग-मीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. नौली करताना मोठ्या आतड्यात वातावरणाहून कमी दाब निर्माण होतो, हे त्यांनी दाबमापक नळी लावून दाखविले. योगक्रियेचे वर्णन श्लोकातून काढून पाऱ्याच्या उंचीवर वाचण्याचा हा उपक्रम आपल्या भूमीवर झाला. मोजणी श्रोणितलाच्या बळाची नव्हती व व्यथित स्त्रियांसाठीही नव्हती. तशी मोजणी चोवीस वर्षांनंतर, या प्रयोगाशी संबंध नसलेल्या माणसाने, लॉस एंजेलिस येथे प्रसिद्ध केली.

त्या माणसाचे नाव आर्नल्ड केगेल. त्याच्यापूर्वी या व्यथेचा पाश्चात्त्य विचार मुख्यतः शस्त्रक्रियेचा होता. बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली यांनी १९१४ मध्ये मूत्राशयाच्या मुखाशी टाके घालून ते आवळण्याची पद्धत सांगितली व ती दीर्घकाळ चालली. व्यायामाची कल्पना अगदीच अज्ञात नव्हती. मार्गारेट मॉरिस ही मूळची नर्तिका. तिने पुढे अंगमर्दन व व्यायामोपचार यांचे रीतसर शिक्षण घेतले आणि १९३६ मध्ये बाळंतिणींच्या व शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामांवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात या स्नायूंचे आकुंचन आहे. ज्या अवयवाकडे पाहता येत नाही त्याची हालचाल शब्दांनी शिकविण्याचे काम नर्तिकेने हाती घ्यावे, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात स्त्रीरोगशास्त्र शिकविणाऱ्या केगेलचा प्रसिद्ध निबंध १९४८ च्या ऑगस्टमध्ये निघाला. त्याच्या शीर्षकातच 'क्रमवर्धी प्रतिरोधी व्यायाम' हे शब्द आहेत. ते त्याचे स्वतःचे नव्हेत. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या मांड्यांचे स्नायू वाढत्या वजनांच्या साहाय्याने पुन्हा बळकट करण्याची पद्धती थॉमस डीलॉर्म या लष्करी डॉक्टरने १९४५ मध्ये मांडली होती, तिची ही परिभाषा. सैनिकाच्या गुडघ्याला जो न्याय लावला तोच बाळंतिणीच्या श्रोणितलाला लावावा, हा केगेलच्या विचाराचा गाभा. लाजेचा विषय त्याने स्नायूंच्या सामान्य नियमांत आणून बसविला : न वापरलेला स्नायू खंगतो, वापरलेला वाढतो, आणि वाढण्यासाठी त्याला कशाच्या तरी विरुद्ध काम करावे लागते.

तथापि त्याचे खरे निरीक्षण याच्याही पुढचे आहे, आणि त्याचे महत्त्व भाषेच्या अभ्यासकाला अधिक वाटावे असे आहे. नुसते सांगून हा व्यायाम होत नाही, असे त्याच्या ध्यानात आले. 'आवळा' म्हटले की स्त्रिया पोट आवळीत, नितंब आवळीत, मांड्या एकमेकींवर दाबीत, श्वास कोंडीत. नको तो स्नायू ताठ होई आणि हवा तो स्वस्थ राही. कित्येकींना असा काही स्नायू आपल्याला आहे व तो आपल्या इच्छेने हलतो, याची जाणीवच नव्हती. म्हणून त्याने प्रथम बोटाने तपासून योग्य आकुंचन ओळखून दिले, आणि घरी नेण्यासाठी एक साधन बनविले. योनीत ठेवावयाची हवेने भरलेली रबरी नळकांडी, तिला जोडलेली नळी आणि नळीच्या टोकाला दाब दाखविणारी तबकडी. तिचे नाव 'पेरिनिओमीटर'. स्त्रीने ते घेऊन दिवसातून तीन वेळा वीस-वीस मिनिटे बसावयाचे, स्नायू आवळावयाचा आणि काटा सरकतो की नाही ते स्वतः पाहावयाचे.  तबकडीवरचा आकडा आठवड्यागणिक वाढत जाई, तोच तिचा उत्साह. शब्द जेथे अपुरा पडला तेथे केगेलने काटा आणून ठेवला. शंभरांत ऐंशीहून अधिक स्त्रियांना गुण आल्याचे त्याने पुढे सांगितले. तुलनेसाठी उपचाराविना ठेवलेला गट नसल्यामुळे ते प्रमाण आज जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

पुढे जे झाले ते विलक्षण आहे. १९४९ मध्येच मार्शल, मार्केटी व क्रँट्झ यांनी मूत्राशयाची मान टाक्यांनी वर टांगण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली आणि शल्यवैद्यांचे लक्ष तिकडे लागले. व्यायाम मागे पडला. मेला नाही, पण त्याचे रूप पालटले. तबकडी महाग, ती वापरावयास शिकविण्यास वेळ लागे, आणि विषय अवघड जागेचा. मग काय उरले? केगेलचे नाव व एक सूचना. प्रसूतिगृहातून घरी जाणाऱ्या स्त्रीच्या हाती कागद पडू लागला : लघवी मध्येच थांबविल्यासारखे करा, दिवसातून अमुक वेळा करा. इंग्रजीत 'केगेल' हे विशेषनाम सामान्यनाम झाले, त्याचे अनेकवचन होऊ लागले, त्याचे क्रियापदही झाले. शब्द जगभर पसरला, आणि ज्या साधनामुळे त्याला अर्थ आला होता ते साधन गळून पडले. केवळ शब्दांनी हे साधत नाही, हा ज्याचा शोध, त्याचेच नाव त्या केवळ शब्दांना मिळाले.

या ऱ्हासाची मोजदाद १९९१ मध्ये झाली. रिचर्ड बम्प व त्यांचे सहकारी यांनी ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन, त्यांच्या मूत्रमार्गातील दाब त्याच वेळी मोजला. केवळ ४९ टक्के स्त्रियांना योग्य आकुंचन साधले. त्याहून गंभीर बाब अशी की, २५ टक्के स्त्रिया जे करीत होत्या त्याने लघवी अडण्याऐवजी सुटण्याचाच संभव होता. त्या वर उचलण्याऐवजी खाली जोर करीत होत्या. भाषाव्यवहाराचा विचार करणाऱ्याने या आकड्यापाशी थांबले पाहिजे. आज्ञा न कळणे निराळे. येथे चौघींपैकी एक आज्ञा मनोभावे पाळीत होती, आणि पाळीत होती ती उलटी. अशी स्त्री घरी जाऊन महिनोन् महिने नेमाने व्यायाम करील, व्यथा वाढेल, आणि 'मला काही याचा गुण येत नाही' असे म्हणून ती सोडून देईल. दोष तिचा नसतो, व्यायामाचाही नसतो. दोन्हींमध्ये उभ्या असलेल्या वाक्याचा असतो.

मराठीत ही आज्ञा देणे विशेष अवघड का पडते, याचा थोडा विचार करू. खाली जोर देण्यासाठी आपल्या भाषेत शब्दांची रेलचेल आहे. 'कुंथणे' आहे. बाळंतिणीला सुईण म्हणते 'कळ दे', 'जोर कर', 'खाली जोर लाव'. स्त्रीच्या आयुष्यात या भागाविषयी तिला उघडपणे दिलेल्या ज्या थोड्या आज्ञा आहेत त्या या, आणि त्या सर्व खालच्या दिशेच्या. वर उचलण्याची आज्ञा रोजच्या बोलीत नाही. 'आकुंचन करा' हा पत्रकी प्रयोग ऐकणारीच्या शरीरात कोठेच जाऊन लागत नाही. 'आवळा' हे क्रियापद सकर्मक. त्याला कर्म हवे आणि कर्माला नाव नाही, म्हणून ऐकणारी जे नाव असलेले आहे ते, म्हणजे पोट, आवळते. 'लघवी धरल्यासारखे करा' म्हणावे तर वर सांगितलेला आजीचा निषेध आड येतो. शिवाय त्यात एक अपाय आहे. पत्रक वाचून स्त्रिया खरोखरच लघवी करताना धार तोडण्याचा रोज अभ्यास करू लागतात. स्नायू ओळखण्यापुरते ते एखाद्या वेळी चालेल, पण नित्याचा व्यायाम म्हणून ते करू नये असा आता सल्ला आहे, कारण त्याने मूत्राशय पुरता रिकामा होण्यात व्यत्यय येतो. ज्याच्या जागेविषयी व दिशेविषयी शंका उरत नाही असा प्रयोग मराठीत एकच दिसतो : चारचौघांत बसलेले असताना वारा सरू नये म्हणून आपण जे करतो ते. लाजेमुळे पत्रकलेखक तो टाळतात. खरे तर लाजेनेच तो सर्वांना पाठ करून दिलेला आहे.

गेल्या चार दशकांतील संशोधनाचा कल केगेलच्या मूळ निरीक्षणाकडे परत जाण्याचा आहे. नॉर्वेतील कारी बो यांच्या १९९० मधील अभ्यासात सर्व स्त्रियांना स्नायू ओळखून आकुंचन करण्यास शिकविले होते. एका गटाने सहा महिने घरीच व्यायाम केला. दुसऱ्याने घरच्या व्यायामाबरोबर आठवड्यातून एकदा शिक्षिकेसमवेत गटात केला. लघवी सुटणे थांबल्याचे किंवा जवळजवळ थांबल्याचे पहिल्या गटातील १७ टक्के व दुसऱ्यातील ६० टक्के स्त्रियांनी सांगितले. त्यांच्याच १९९९ मधील १०७ स्त्रियांच्या प्रयोगात विजेचे उत्तेजन व योनीत धरावयाचे वजनी शंकू यांपेक्षा व्यायाम सरस ठरला. २०१८ मध्ये कोक्रेन संस्थेने ३१ प्रयोगांतील १,८१७ स्त्रियांचा एकत्र आढावा घेतला. खोकल्या-शिंकण्याच्या प्रकारात व्यायाम करणाऱ्यांपैकी ५६ टक्के स्त्रियांनी व्यथा गेल्याचे सांगितले. न करणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. इंग्लंडमधील अधिकृत मार्गदर्शिकेत शस्त्रक्रियेचा विचार करण्यापूर्वी किमान तीन महिने देखरेखीखाली व्यायाम करावा, दिवसातून तीन वेळा व दर वेळी निदान आठ आकुंचने करावीत, असे सांगितले आहे. 'घरच्या घरी' या शब्दांचा अर्थ यावरून मर्यादित करून घ्यावा लागतो. व्यायाम घरीच होतो; पण तो बरोबर होतो आहे हे एकदा तरी जाणत्या हाताने सांगावे लागते, आणि अधूनमधून कोणी विचारणारे असावे लागते. (प्रोस्टेट ग्रंथी काढल्यानंतर पुरुषांनाही हाच व्यायाम शिकवितात, तेथे शब्दांची अडचण थोडी कमी असते, कारण हालचालीचा परिणाम डोळ्यांना दिसतो.)

आणखी एका शब्दाचा इतिहास येथे जोडतो आहे. या विषयाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९८८ मध्ये व्यथेची जी व्याख्या केली होती तिच्यानुसार लघवी सुटणे वस्तुनिष्ठ रीतीने दाखविता आले पाहिजे आणि ते सामाजिक अथवा आरोग्यदृष्ट्या अडचणीचे असले पाहिजे. २००२ मध्ये ती बदलली : लघवी अनिच्छेने सुटते अशी तक्रार, म्हणजेच ती व्यथा. पुराव्याच्या जागी बोलणे आले. जिला बोलण्यासाठी शब्दच नाही, तिच्याबाबतीत ही उदार व्याख्या काय करणार, हा प्रश्न मात्र उरतो.

तो प्रश्न मला घरात पडला. माझी एक आत्या, वय वर्षे अडुसष्ट, कीर्तनाला जाईनाशी झाली. एस. टी.चा प्रवास असला की आदल्या रात्रीपासून पाणी पिणे बंद करी, जे या व्यथेत हिताचे नाही. त्याने लघवी दाट होऊन घाई वाढते व मलावरोध जडतो. विचारले की 'गुडघे' म्हणे. आठ वर्षे आम्ही तिच्या गुडघ्यांना तेल लावले. प्रस्तुत लेखासाठी टिपणे काढीत असताना मी ज्ञानेश्वरीतील त्या ओव्या तिला वाचून दाखविल्या व ही जागा बायकांनाही आहे, एवढेच म्हटले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, तिथलंच तर सगळं सैल झालंय."

व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी तिला एकदा तपासले. पहिल्या खेपेस ती कुंथत होती, हे वर सांगितलेल्या चौघींतील एकीचे उदाहरण. बाईंनी शब्द बदलले : गुडघे दुमडून निजा, पोट व मांड्या सैल सोडा, श्वास चालू ठेवा, आणि वारा अडविताना जे वर ओढले जाते ते वर ओढा, पुढल्या बाजूलाही तसेच ओढा, सहा आकडे मोजेपर्यंत धरा, मग तितकाच वेळ सोडा. प्रथम तिला तीन आकड्यांपलीकडे धरता येईना, तेव्हा तीनवरूनच सुरुवात केली. सावकाश धरण्याबरोबर काही आकुंचने झटक्यात करून सोडावयाची असतात, कारण या पटात दमदार व चपळ असे दोन्ही प्रकारचे तंतू असतात व शिंकेला चपळच लागतात. नंतर बसून, पुढे उभ्याने. लघवीत रक्त दिसणे, जळजळ, या भागात वेदना किंवा 'अंग बाहेर येणे' असे काही असल्यास नुसत्या व्यायामावर राहू नये, हेही बाईंनी बजावले. शेवटी शिकविली ती गोष्ट १९९८ मध्ये अमेरिकेत मिलर व सहकाऱ्यांनी प्रयोगाने पारखलेली आहे : खोकण्यापूर्वी क्षणभर आधी स्नायू वर ओढून घ्यावयाचा.

याला मराठी नाव काय द्यावे, असा माझा विचार चालू होता. तीन महिन्यांनंतर आत्याच्या तोंडून एक नाव बाहेर पडले. फोडणीच्या ठसक्याने शिंक येते असे वाटताच ती थबकली, मग शिंकली, आणि सुनेला म्हणाली, "आधी कासोटा घातला."